बाइंड केलं, पण हातात काय पडलं? क्रेडेन्शियल्सचं पान लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

भाड्याचं घर घेतलं की मालक चाव्यांचा जुडगा हातात ठेवतो आणि निघून जातो, मग आपण दारात उभं राहून एकेक चावी लावून बघत बसतो, गेटची कुठली, मीटरच्या खोक्याची कुठली, आणि ही बारकी पितळी नक्की कशाची ते शेजाऱ्यांनाही माहीत नसतं. क्लाउडवरच्या कितीतरी सर्व्हिसेसचं डॉक्युमेंटेशन मला असंच वाटतं. "इन्स्टन्स तयार करा, ॲपला बाइंड करा, मिळालेली क्रेडेन्शियल्स वापरा." (इन्स्टन्स म्हणजे सर्व्हिसची तुमच्यासाठी बनवलेली एक प्रत, बाइंड म्हणजे ती ॲपला जोडणं, आणि क्रेडेन्शियल्स म्हणजे त्या जोडणीसाठी मिळणारा पत्ता, युझर, पासवर्ड वगैरे.) बास, पान संपलं. पण मिळालं काय, त्याला नाव काय, ते नेहमी मिळतं का, कशाला लागतं, यावर एक ओळ नाही.

तुम्ही नवीन टीममध्ये आलात, टीम एखादी सर्व्हिस चालवते, आणि लीडने "डॉक्युमेंटेशन तू बघ ना जरा" म्हणून काम तुमच्या गळ्यात टाकलं असेल तर हे तुमच्यासाठी. मी उदाहरण क्लाउड फाउंड्रीचं, म्हणजे ॲप्स चालवणाऱ्या एका क्लाउड प्लॅटफॉर्मचं, घेतेय कारण माझे हात त्यातच भाजलेत, आणि सर्व्हिस धरूया पोस्टग्रेस डेटाबेसची. आणखी एक, मी इथे सगळी नावं देवनागरीत लिहितेय, तुमच्या पानावर मात्र ती कोडमध्ये जशी आहेत अगदी तशीच लिहायची, अक्षर न् अक्षर, लहान-मोठं सुद्धा तेच, कारण लोक तिथून कॉपी करून थेट प्रोग्राममध्ये चिकटवतात.

आधी दोन मिनिटं मागचं यंत्र

क्लाउड फाउंड्री २०११ मध्ये व्हीएमवेअरने आणलं. त्यात सर्व्हिस आणि प्लॅटफॉर्म यांच्यामध्ये ब्रोकर नावाचा एक प्रोग्राम असतो, दलालच म्हणा. या ब्रोकरशी प्लॅटफॉर्मने कसं बोलायचं ते पुढे २०१६ च्या डिसेंबरात ओपन सर्व्हिस ब्रोकर एपीआय नावाच्या वेगळ्या प्रोजेक्टखाली आलं, म्हणजे तोच ब्रोकर इतर प्लॅटफॉर्मवरही चालावा. ब्रोकर आधी कॅटलॉग देतो, त्यात सर्व्हिसचं नाव, प्लॅन, टॅग वगैरे असतं आणि बाइंडेबल नावाचं एक हो-नाही असतं. ते "हो" असेल तर ॲप त्या सर्व्हिसला बांधता येतं. सर्व्हिसच्या पातळीवर एक आणि एखाद्या प्लॅनवर वेगळं असंही चालतं, तेव्हा नुसता वरचा शब्द बघून पान लिहू नका, प्लॅन उघडून बघा.

डेव्हलपरने बाइंड केलं की प्लॅटफॉर्म ब्रोकरला एक पुट रिक्वेस्ट पाठवतो, ब्रोकर डेटाबेसमध्ये युझर वगैरे तयार करतो आणि उत्तरात क्रेडेन्शियल्स नावाचा एक जेसन ऑब्जेक्ट, म्हणजे नाव आणि त्याची किंमत (व्हॅल्यू) अशा जोड्यांचा गठ्ठा, परत करतो. प्लॅटफॉर्म तो ऑब्जेक्ट उचलतो आणि ॲपच्या व्हीकॅप सर्व्हिसेस नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतो. ॲप सुरू झालं की तिथून वाचतं.

आता गंमत बघा. बाइंड करताना डेव्हलपर कुठली पॅरामीटर्स पाठवू शकतो याचा स्कीमा कॅटलॉगमध्ये लिहायची सोय आहे, म्हणजे आत जाणाऱ्या गोष्टींना मशीनला वाचता येईल असं वर्णन देता येतं. बाहेर येणाऱ्या क्रेडेन्शियल्सना तशी सोय नाही. स्पेसिफिकेशन म्हणतं, हा मोकळा ऑब्जेक्ट आहे, ब्रोकर वाटेल ते टाकेल. म्हणजे तुमच्या सर्व्हिसमधून काय बाहेर पडतं ते जगात फक्त दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, एक ब्रोकरच्या कोडमध्ये आणि दुसरं तुमच्या पानावर. कोड बाहेरचे लोक वाचत नाहीत. उरलं तुमचं पान.

पहिलं काम: कोणाला विचारू नका, स्वतः बाइंड करा

नवीन माणूस काय करतो, तर सीनियरला विचारतो की क्रेडेन्शियल्समध्ये काय काय येतं हो दादा. दादा सांगतो होस्ट, पोर्ट, युझर, पासवर्ड. ते आपण लिहून टाकतो. नंतर कळतं की दादाच्या आठवणीतलं "होस्ट" प्रत्यक्षात "होस्टनेम" आहे, आणि सर्टिफिकेट पण येतं जे त्याच्या वेळी नव्हतं. विचारा जरूर, पण नंतर.

आधी सीएफ (क्लाउड फाउंड्रीचं कमांड-लाइन टूल) मध्ये मार्केटप्लेस कमांड देऊन सर्व्हिस आणि तिचे प्लॅन बघा. मग सीएफ क्रिएट-सर्व्हिसने प्रत्येक प्लॅनचा एक एक इन्स्टन्स बनवा, हो प्रत्येक प्लॅनचा, कारण फुकटचा शेअर्ड प्लॅन आणि पैसेवाला हाय-अव्हेलेबिलिटी प्लॅन यांची क्रेडेन्शियल्स सारखी असतीलच असं नाही, दुसऱ्यात एका होस्टच्या जागी तीन होस्टांची यादी येऊ शकते. मग सीएफ क्रिएट-सर्व्हिस-की ने सर्व्हिस की, म्हणजे ॲपला न जोडता मागितलेली क्रेडेन्शियल्स, बनवा आणि सीएफ सर्व्हिस-की ने ती छापून बघा. हे ॲपशिवाय होतं म्हणून सोपं पडतं.

पण तिथेच थांबू नका. एक रिकामं टुकार ॲप पुश करा, त्यालाही बाइंड करा आणि सीएफ एन्व्ह देऊन तेच बघा. सर्व्हिस की मागताना ब्रोकरला ॲपचा आयडी जात नाही, ॲप बाइंड करताना जातो, आणि काही ब्रोकर त्यावरून वेगळं वागतात. दोन्ही आउटपुट शेजारी ठेवून ताडून बघा. फरक असेल तर तो पानावर यायलाच हवा, कारण लोक लॅपटॉपवर की वापरून टेस्ट करतात आणि क्लाउडवर बाइंडिंग वापरतात.

आणि आता जे सांगते ते मी स्वतः केलंय. पहिल्यांदा असं पान लिहिलं तेव्हा आउटपुट जसंच्या तसं उदाहरण म्हणून चिकटवलं, पासवर्डच्या जागी एक्स एक्स एक्स लिहिलं, शहाणपणा केल्यासारखं वाटलं, पण खाली यूआरआय नावाची लांबलचक ओळ होती तिच्या पोटात तोच पासवर्ड पुन्हा होता. दोन दिवस तसंच होतं पान. शेजारच्या टीममधल्या एका मुलीने मेसेज केला, "ताई, तुमच्या उदाहरणाने खरंच लॉगिन होतंय." तेव्हापासून मी खरं आउटपुट पानाच्या जवळपासही आणत नाही, नावं तेवढी उचलते आणि किमती हाताने खोट्या लिहिते. होस्टसाठी एक्झाम्पल डॉट कॉम वापरा, ते नाव १९९९ पासून आरएफसी २६०६ ने खास उदाहरणांसाठी राखून ठेवलंय. आयपी ॲड्रेस लागला तर १९२.०.२ ने सुरू होणारे घ्या, तेही डॉक्युमेंटेशनसाठीच राखीव आहेत.

दुसरं काम: डबा आणि डब्यातलं, दोन्ही लिहा

व्हीकॅप सर्व्हिसेस उघडलं की क्रेडेन्शियल्स लगेच दिसत नाहीत, त्याभोवती एक डबा असतो. सगळ्यात बाहेर सर्व्हिसचं लेबल, त्याच्या आत यादी, यादीतल्या प्रत्येक नोंदीत लेबल, प्लॅन, टॅग्ज, इन्स्टन्स नेम, बाइंडिंग नेम, नेम आणि मग क्रेडेन्शियल्स. यातलं नेम जरा फसवं आहे, बाइंडिंगला नाव दिलेलं असेल तर ते येतं, नाहीतर इन्स्टन्सचं नाव येतं.

हे प्लॅटफॉर्मचं आहे, आपण कशाला लिहायचं, असं वाटेल. लिहायचं अशासाठी की नवखा डेव्हलपर पहिल्यांदा काय कोड लिहितो तर लेबल घे, यादीतला शून्यावा घटक घे, त्यातून क्रेडेन्शियल्स घे. चालतं. मग सहा महिन्यांनी तो त्याच ॲपला दुसरा डेटाबेस बाइंड करतो, रिपोर्टिंगसाठी समजा, आणि शून्यावा कुठला हे आता नशिबावर. तुमच्या पानावर स्पष्ट लिहा की आमची सर्व्हिस शोधताना टॅग वापरा किंवा इन्स्टन्सचं नाव वापरा, आणि आमचे टॅग अमुक अमुक आहेत. टॅगचा अजून एक फायदा, कोणी तुमच्या सर्व्हिसऐवजी स्वतःचा डेटाबेस युझर-प्रोव्हायडेड सर्व्हिस म्हणून जोडला तर लेबल बदलून "युझर-प्रोव्हायडेड" होतं, पण टॅग तेच लावता येतात आणि ॲपचा कोड बदलावा लागत नाही.

जावावाले बहुतेक स्प्रिंग बूट वापरतात, तिथे हा सगळा डबा सपाट होऊन "व्हीकॅप डॉट सर्व्हिसेस डॉट इन्स्टन्सचं नाव डॉट क्रेडेन्शियल्स डॉट यूआरआय" असा प्रॉपर्टी म्हणून मिळतो. एवढी एक ओळ पानावर टाकली तरी बरेच प्रश्न येणं बंद होतं.

तिसरं काम: एकेक की घेऊन बसा

हे पानाचं पोट. इथे की म्हणजे मघाची सर्व्हिस की नव्हे, क्रेडेन्शियल्समधल्या एकेका नोंदीचं नाव. इथे घाई करू नका, चहा घेऊन बसा.

क्लाउड फाउंड्रीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ब्रोकर लिहिणाऱ्यांसाठी नावांची एक पद्धत दिलेली आहे: यूआरआय, होस्टनेम, पोर्ट, नेम, व्हीहोस्ट, युझरनेम, पासवर्ड. सक्ती नाही, पण लायब्रऱ्या आणि बिल्डपॅक (ॲप चालायला तयार करणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या स्क्रिप्ट) हीच नावं शोधतात. तुमचा ब्रोकर ही नावं पाळतो की स्वतःची काढतो ते आधी तपासा. वेगळी काढली असतील तर टीमशी भांडा, आणि भांडण हरलात तर निदान पानावर ठळक लिहा.

प्रत्येक कीसाठी मी एवढं लिहिते: नाव, प्रकार म्हणजे स्ट्रिंग की नंबर, खोटं पण खऱ्यासारखं उदाहरण, ती नेहमी येते की कधी कधी, गुप्त आहे का, आणि एका साध्या वाक्यात ती कशाला लागते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "होस्टनेम: होस्टचं नाव" असं लिहून काय मिळतं हो? असं लिहा, "होस्टनेम: डेटाबेस सर्व्हरचं पूर्ण डोमेन नाव. हे फक्त प्लॅटफॉर्मच्या आतून पोचतं, तुमच्या लॅपटॉपवरून नाही, तिथून जोडायचं तर सीएफ एसएसएचचा टनेल लागेल." या दुसऱ्या वाक्यासाठीच माणूस तुमच्या पानावर आलेला असतो.

पोर्टबद्दल जरा थांबते. आउटपुटमध्ये पोर्ट ५४३२ असं उघडं आहे की अवतरण चिन्हात आहे, नीट बघा. पायथन किंवा रुबीमध्ये लोक तसंच पुढे ढकलतात आणि बऱ्याचदा निभावतं, पण गो मध्ये कोणी स्ट्रक्टमध्ये इंट लिहिलं आणि तुमचा ब्रोकर स्ट्रिंग देतोय तर पार्सिंगलाच आपटतं, आणि एररमध्ये तुमच्या सर्व्हिसचं नावही नसतं, बिचारा दुसरीकडेच शोधत बसतो. एक शब्द, "नंबर" किंवा "स्ट्रिंग", एवढाच खर्च आहे.

नेम ही की दुसरी भानगड. डब्यातलं नेम म्हणजे बाइंडिंगचं किंवा इन्स्टन्सचं नाव, आणि क्रेडेन्शियल्सच्या आतलं नेम म्हणजे डेटाबेसचं नाव. दोन्हीला शब्द एकच. ज्याने हे ठरवलं त्याला कोपऱ्यात घेऊन विचारावंसं वाटतं. पानावर दोन्ही ठिकाणी "हे ते नेम नव्हे" असं सरळ लिहून टाका, लाजू नका.

व्हीहोस्ट फक्त रॅबिटएमक्यूसारख्या एएमक्यूपी सर्व्हिसला लागतो, तिथे डेटाबेसच्या नावाच्या जागी तो येतो. पोस्टग्रेसच्या पानावर त्याचा उल्लेखही नको.

युझरनेमवर मात्र मी तुम्हाला सोडणार नाही. प्रश्न असा आहे की प्रत्येक बाइंडिंगला नवा युझर मिळतो की सगळ्यांना मिळून एकच. हे आउटपुट एकदा बघून कळत नाही, दोन बाइंडिंग करून बघावं लागतं. नवा मिळत असेल तर सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच, एकाची क्रेडेन्शियल्स फुटली तर तेवढा एकच युझर बंद करता येतो. पण पोस्टग्रेसमध्ये जो युझर टेबल बनवतो तो त्याचा मालक होतो. म्हणजे ॲपने पहिल्या बाइंडिंगच्या युझरने टेबलं बनवली, मग कोणी अनबाइंड करून पुन्हा बाइंड केलं, नवा युझर आला, आणि पुढच्या मायग्रेशनला टेबल बदलायला गेलं की "तू मालक नाहीस" म्हणून नकार. आणि जुना युझर काढायला जावं तर पोस्टग्रेस म्हणतं याच्या नावावर टेबलं आहेत, आधी त्यांची मालकी दुसऱ्याला द्या. अगदी सातबारावर आजोबांचं नाव राहून गेल्यासारखी अवस्था. चांगले ब्रोकर यावर उपाय म्हणून एक सामाईक रोल ठेवतात आणि मालकी त्याच्याकडे देतात. तुमचा ब्रोकर काय करतो ते टीमला विचारा, स्वतः टेबल बनवून, अनबाइंड करून, परत बाइंड करून तपासा, आणि जे दिसेल ते "पुन्हा बाइंड केल्यावर काय होतं" अशा छोट्या उपशीर्षकाखाली लिहा. मी बघितलेल्या पानांपैकी फार कमी ठिकाणी हे असतं आणि सपोर्टचे रात्रीचे फोन बरेचदा याच्यावरूनच येतात.

चौथं काम: यूआरआयची चिरफाड

यूआरआय म्हणजे सगळं एका ओळीत: डेटाबेसचा प्रकार://युझरनेम:पासवर्ड@होस्टनेम:पोर्ट/नेम. दिसायला सोपं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच.

एक, पासवर्डमधली चिन्हं. ब्रोकरने बनवलेल्या पासवर्डमध्ये @ किंवा / किंवा # आलं तर यूआरआय चुकीच्या जागी तुटते, म्हणून ती चिन्हं टक्क्याच्या रूपात लिहावी लागतात, @ चं %४० होतं, # चं %२३. म्हणजे त्याच क्रेडेन्शियल्समध्ये पासवर्ड या कीमध्ये एक रूप आणि यूआरआयच्या आत दुसरं रूप. लोक यूआरआयमधून पासवर्ड कापून काढतात, उलटा डीकोड करत नाहीत आणि "पासवर्ड चुकीचा आहे" म्हणून तिकीट टाकतात. पानावर लिहा: यूआरआय वापरायची तर अख्खी वापरा, सुटे भाग हवे असतील तर सुट्या कीज घ्या, यूआरआय फाडू नका. तुमचा ब्रोकर फक्त अक्षरं आणि आकडेच वापरत असेल तर तेही लिहा, जीव निम्मा हलका होतो.

दोन, सुरुवातीचा शब्द. पोस्टग्रेससाठी "पोस्टग्रेस" आणि "पोस्टग्रेसक्यूएल" असे दोन्ही शब्द चालत आलेत. पायथनमधल्या एसक्यूएलअल्केमीने २०२१ मध्ये १.४ आवृत्तीत पहिला शब्द काढून टाकला, फक्त दुसरा ठेवला. ज्या सर्व्हिसेस पहिला शब्द देत होत्या त्यांच्या वापरकर्त्यांचं ॲप नुसती लायब्ररी वाढवल्यावर पडलं, डेटाबेस मजेत चालू. सगळ्या स्टॅक ओव्हरफ्लोवर एकच उत्तर, स्ट्रिंगमध्ये रिप्लेस करा. तुम्ही कुठला शब्द देता ते पानावर असेल तर निदान कुठे बघायचं ते कळतं.

तीन, रुबीवाले. रुबीच्या बिल्डपॅकमध्ये प्लॅटफॉर्म व्हीकॅप सर्व्हिसेस चाळतो, ज्या क्रेडेन्शियल्समध्ये डेटाबेसची वाटेल अशी यूआरआय सापडेल त्यातली पहिली उचलतो आणि डेटाबेस यूआरएल नावाचं व्हेरिएबल भरतो. रेल्स ॲप म्हणून आपोआप जोडलं जातं, जादू वाटते. पण तुमच्या ब्रोकरने कीचं नाव यूआरआय न ठेवता यूआरएल ठेवलं असेल तर ही जादू होत नाही. एका अक्षराचा फरक.

चार, जावावाल्यांना ही यूआरआय जशीच्या तशी चालत नाही, त्यांना जेडीबीसी ने सुरू होणारी लागते आणि त्यात युझर-पासवर्ड होस्टच्या आधी नसतात तर शेवटी प्रश्नचिन्हानंतर येतात. काही ब्रोकर म्हणून वेगळी जेडीबीसी यूआरएल पण देतात. देत असाल तर सांगा, नसाल तर ती कशी जोडायची त्याचं एक उदाहरण द्या.

पोस्टग्रेसच्या बाहेरचं पण जाता जाता सांगते, रॅबिटएमक्यूचा मूळ व्हीहोस्ट नुसता / असतो, तो यूआरआयच्या शेवटी तसाच लिहिला तर लायब्ररीला वाटतं नाव रिकामं आहे, तो टक्क्याच्या रूपात लिहावा लागतो. आणि रेडिसच्या यूआरआयमध्ये सुरुवातीला शेवटचा एस दोनदा आला तर तो टायपो नाही, टीएलएसची, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीची, खूण आहे. मी स्वतः एकदा तो "दुरुस्त" केलाय.

पाचवं काम: सर्टिफिकेट

क्रेडेन्शियल्समध्ये सीए सर्टिफिकेट येत असेल तर जेसनमुळे त्याच्या सगळ्या ओळी एकाच ओळीत येतात, मध्ये तिरकी रेघ आणि एन. जेसन नीट पार्स केलं तर आपोआप सुटतात, पण कोणी टर्मिनलवरून कॉपी करून फाइलमध्ये टाकलं की सर्टिफिकेट वाचताच येत नाही. एक वाक्य पुरे: पार्स करून घ्या, कॉपी करू नका. आणि टीएलएस सक्तीचं आहे की ऐच्छिक, तेही लिहा.

सहावं काम: "कधी कधी" येणाऱ्या कीज

वर म्हटलं ना, नेहमी येते की कधी कधी, ते लिहा. कधी कधी म्हणजे कधी? तीन कारणं असतात साधारण. प्लॅन वेगळा, बाइंड करताना दिलेली पॅरामीटर्स वेगळी, किंवा बाइंडिंग जुनं. पॅरामीटर म्हणजे सीएफ बाइंड-सर्व्हिसला सी फ्लॅग लावून जेसन देतात ते, समजा "मला फक्त वाचायचा हक्क द्या". मग युझर वेगळा येतो, कधी होस्टही वेगळा येतो, रेप्लिकाचा, म्हणजे डेटाबेसच्या नकलेचा. पॅरामीटर आणि त्याने बदलणारं आउटपुट शेजारी शेजारी लिहा, नाहीतर इनपुट एका पानावर आणि आउटपुट दुसऱ्या पानावर राहतं आणि माणूस दोन टॅबमध्ये मान वळवत बसतो.

जुन्या बाइंडिंगचं प्रकरण नवख्यांना पटकन लक्षात येत नाही. ब्रोकरने बाइंडच्या वेळी जे परत केलं ते प्लॅटफॉर्म स्वतःकडे ठेवतो. तुम्ही आज ब्रोकरमध्ये नवी की टाकली तरी कालच्या बाइंडिंगमध्ये ती दिसणार नाही, ॲप कितीदाही रीस्टार्ट करा. मी पूर्वी ज्या टीमबरोबर काम करायचे तिथे "होस्टनेम" बदलून "होस्ट" केलं, डिप्लॉय झालं, आठवडाभर एकही तक्रार नाही, सगळे खूश. मग एका ग्राहकाने नवीन टेस्ट स्पेस उघडली, तेच ॲप, तोच कोड, तिथे उठेचना. प्रॉडक्शनवर चालतंय आणि टेस्टवर नाही, असा उलटा प्रकार. तीन दिवस नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलेले सगळे. म्हणून आता पानावर माझी ओळ ठरलेली असते: ही की अमुक तारखेनंतरच्या बाइंडिंगमध्येच येते, जुन्यात हवी असेल तर अनबाइंड करून पुन्हा बाइंड करा.

यावरून नाव बदलण्याबद्दल. पान छापलं की कीचं नाव बदलायचं नाही. नवी की वाढवा, जुनीही तशीच ठेवा, दोन्हीत तीच किंमत द्या, आणि पानावर जुनीपुढे "नवीन कोडमध्ये वापरू नका" लिहा. दिसायला वाईट दिसतं, दिसू दे.

सातवं काम: आयुष्य किती

अनबाइंड केल्यावर क्रेडेन्शियल्स लगेच मरतात का? मरायला हवीत, पण तपासा, अनबाइंड करून जुन्या पासवर्डने जोडून बघा. पासवर्ड बदलायचा असेल तर काय करायचं? साधारण उत्तर अनबाइंड, बाइंड, मग ॲप रीस्टार्ट, कारण चालू असलेल्या ॲपचं एन्व्हायर्नमेंट आपोआप बदलत नाही. बाइंड केल्यावर लगेच पासवर्ड मिळाला असं डेव्हलपर धरून चालतो, रीस्टार्टची पायरी त्याला कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा. क्रेडेन्शियल्सना एक्स्पायरी असेल तर तीही, दिवसांत की तासांत.

काही ठिकाणी क्रेडहब, म्हणजे गुप्त माहिती ठेवायची वेगळी तिजोरी, वापरतात, तेव्हा सीएफ एन्व्हमध्ये युझरनेम-पासवर्ड दिसतच नाही, त्याजागी क्रेडहब-रेफ नावाची एकच की आणि एक पत्ता दिसतो, खरी क्रेडेन्शियल्स ॲप सुरू होताना आतल्या आत भरली जातात. तुमच्याकडे असं असेल तर पहिल्याच परिच्छेदात लिहा. नाहीतर प्रत्येक नवीन माणूस "तुमच्या पानावर सात कीज आहेत, मला एकच दिसतेय" म्हणून विचारणार.

कुबरनेटीसवाल्यांसाठी छोटंसं

तुमची सर्व्हिस कुबरनेटीस या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरही देत असाल तर तिथे सर्व्हिस बाइंडिंगचं वेगळं स्पेसिफिकेशन आहे. त्यात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जेसन नसतो, प्रत्येक कीची एक फाइल असते, आणि त्या फायली कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते सर्व्हिस बाइंडिंग रूट हे व्हेरिएबल सांगतं. टाइप ही की तिथे असायलाच हवी. आणि तिथे ठरलेलं नाव "होस्ट" आहे, "होस्टनेम" नाही. वर सांगितलेल्या त्या टीमने बहुतेक तिथूनच घेतलं असणार. दोन्हीकडे देत असाल तर एकच तक्ता करून "दोन्हीकडे साधारण सारखंच" लिहू नका, दोन तक्ते करा.

पान कुठे लावायचं आणि तपासायचं कसं

कॅटलॉगच्या मेटाडेटामध्ये डॉक्युमेंटेशन यूआरएलसाठी जागा असते. ब्रोकरवाल्याला सांगून तुमच्या पानाची लिंक तिथे टाकून घ्या, सर्व्हिसच्या मुख्य जाहिरातीच्या पानाची नको.

मग टीमबाहेरचा कोणीतरी पकडा, ज्याने ही सर्व्हिस कधी वापरली नाही असा. त्याला फक्त पान द्या, आउटपुट देऊ नका, आणि म्हणा, जोडणारा कोड लिही. तुम्ही शेजारी बसायचं पण तोंड बंद. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल ती ओळ कमी आहे. मला दरवेळी पाच-सहा तरी सापडतात.

आणि शक्य असेल तर बिल्डमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लावा जी रोज रात्री प्रत्येक प्लॅनचा इन्स्टन्स बनवते, सर्व्हिस की काढते, आलेल्या कीजची नावं आणि प्रकार पानावरच्या तक्त्याशी ताडते आणि फरक दिसला की टीमला कळवते. किमती ताडायच्या नाहीत आणि लॉगमध्ये छापायच्या तर अजिबात नाहीत. स्क्रिप्टच्या शेवटी आधी सर्व्हिस की डिलीट करा आणि मगच इन्स्टन्स, कारण सीएफच्या जुन्या आवृत्त्यांत की शिल्लक असेल तर प्लॅटफॉर्म इन्स्टन्स काढू देत नाही, आणि महिनाअखेरीला कोणीतरी विचारतं की हे तीसेक डेटाबेस कोणाचे आहेत.